भरत भाऊजींचे पांढरे उंदीर

भरत भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या वाडीत माणूस या शेतातून त्या शेतात हाका मारतो, आणि हे अंगणात समोर बसूनसुद्धा कुजबुजल्यासारखे बोलायचे. चालायचे तेही पावलाचा आवाज न करता. मी या घरात आले तेव्हा ते शाळेत होते आणि चांगला दंगा करायचे. हे वळण त्यांना नोकरीनं लावलं.

कशेडीच्या बाजूला डोंगरात आमची वाडी. दहावी झाल्यावर भाऊजी वाडीतल्या बाकीच्या मुलांसारखेच मुंबईला गेले. गावकीच्या खोलीत राहिले, एका हॉटेलात कपबशा विसळल्या. मग वाडीतल्याच एकानं त्यांना नवी मुंबईकडच्या एका संशोधन संस्थेत चिकटवून दिलं. काम काय, तर उंदीर सांभाळायचे. पांढरे शुभ्र, लाल डोळ्यांचे, शेकड्यांनी. त्यांचे पिंजरे धुवायचे, खालचं भाताचं तूस बदलायचं, खुराक घालायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. आत जायच्या आधी अंघोळ, धुतलेले कपडे, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. मोठ्यानं बोलायचं नाही, कारण आवाजानं व्यालेली उंदरीण बिथरते आणि आपलीच पिल्लं खाते. असं वर्षानुवर्षं राहिल्यावर माणसाचा आवाज जायचाच.

सणाला घरी आले की आमचे हे त्यांना सोडायचे नाहीत. "भरत, आमच्या कणगीतले घेऊन जा की चार. फुकट देतो."

"दादा, तुमचे उंदीर नापास. माझ्यांचं खानदान कागदावर लिहिलेलं असतं."

"आणि त्यांना एसी हाय म्हणतात, खरं काय?"

"हाय की. एसी उंदराला, पंखा मला."

सगळे हसायचे, पण गणपतीत मी एक पाहिलं होतं. भाऊजी मूर्तीपुढे आले की आधी पायाशी बसलेल्या मूषकाला हात लावायचे आणि मग देवाच्या पाया पडायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याची माफी मागतो वैनी. वर्षभराची." माफी कशाची, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

पुढे त्यांनीच सांगितलं. बाईच्या छातीत जो कॅन्सर होतो, तो तिथून फुफ्फुसात आणि हाडांत कसा पसरतो, याचा त्यांच्या संस्थेत अभ्यास चालायचा. बाईवर प्रयोग करता येत नाही, म्हणून उंदरिणीवर. तिला रोगाच्या पेशी टोचायच्या, स्तनापाशी गाठ धरू द्यायची आणि मग तो रोग कुठं कुठं जातो ते शोधायचं. शेवटी तिला औषध देऊन कायमची झोपवायची आणि उघडून बघायची. उघडायचं काम मोठ्या मॅडमचं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं. भाऊजी पिंजरा आणून द्यायचे, ट्रे धरायचे आणि मागचं सगळं उचलायचे. असे ट्रे त्यांनी किती धरले असतील, त्याला गणती नाही.

भाऊजींची बायको सारिका, माझी धाकटी जाऊ, वाडीवरच राहायची. हसरी बाई. नवरा तिकडं, मुलगी दर्शना महाडला कॉलेजात, आणि ही एकटी भात, नाचणी, दोन म्हशी बघून वर गाणी म्हणायची. एका श्रावणात नाचणी लावून आम्ही दोघी बांधावर भाकरी खायला बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, हितं हात लावून बघा जरा. काय तरी लागतंय." मी बघितलं. सुपारीएवढी गाठ होती, दाबली तर हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, सुई घालून तपासायला पाठवलं, आणि निकाल आला तेव्हा आम्हाला बसवून नीट सांगितलं, "कॅन्सर आहे. पण अगदी वेळेत आलात. पसरलेला दिसत नाही. मुंबईला जा, ऑपरेशन करून घ्या, पुढं औषधं घ्या. अशा बायका बऱ्या होऊन शेती करतात." भाऊजी रजा टाकून आले, तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथंही सगळ्यांनी तेच सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. भाऊजी या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, धक्का बसला असेल.

तारखेआधी दोघं वाडीवर आली. आमच्याकडं एवढं मोठं काम काळकाईला विचारल्याशिवाय होत नाही. घर बांधायचं असो की मुलगी द्यायची असो, देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सकाळपासून उपाशी होते. देवळात वाडीतली बरीच माणसं जमली होती. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझी लेक हाय. ऑपरेशन करायचं म्हणतात. करायचं असेल तर उजवं दे."  आणि उजवी पाकळी पडली. फार वेळसुद्धा लागला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात जोडले आणि म्हटलं, आई, वाचवलंस.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "देवीनं दिला कौल, खरा हाय. पण देवीनं उंदीर नाय बघितले."

 गुरव म्हणाला, "भरत, शुद्धीवर हायस का? कानाला हात लाव आधी."

भाऊजींनी कानाला हात लावला. दोन्ही कानांना लावला. आणि मग बोलायला लागले. नेहमीसारखेच हळू, पण देवळात सगळ्यांना ऐकू जात होतं. "आमच्याकडं दोन पिंजरे असतात. दोन्हीतल्या उंदरिणींना गाठ असते. एका पिंजऱ्यातल्यांची गाठ तशीच ठेवतात. दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांची कापून काढतात. बेशुद्ध करून, नीट, टाके घालून. कापलेल्या उंदरिणी दुसऱ्याच दिवशी खायला लागतात, पळायला लागतात. मला पण पहिल्यांदा वाटलं, बऱ्या झाल्या. मग काही दिवसांनी त्यांना उघडतात. फुफ्फुस पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. मीठ मारल्यासारखं. आणि ज्यांची गाठ कापली नाय त्यांची फुफ्फुसं गुलाबी, स्वच्छ. एकदा नाय बघितलं मी. दर वेळी बघितलंय. ट्रे माझ्या हातात असतो."  त्यांनी सगळ्यांसमोर सारिकाचा हात धरला आणि रडायला लागले. "मी हिला त्या टेबलावर नाय ठेवणार."

मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "मी काय वेगळं सांगत होतो? गाठीला लोखंड लागलं की ती पेटते." मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. प्रत्येकाच्या नात्यात कोणी ना कोणी गाठ कापल्यावर मेलेलं होतं. आजवर हे सगळे नुसतं ऐकीव बोलत होते. आता डोळ्यांनी बघितलेला माणूस समोर उभा होता, तोही दवाखान्याच्या आतला. सारिका पदर डोक्यावर घेऊन खाली बघत बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर दर्शना बापाशी भांडली. "बाबा, सगळीकडं लिहिलंय, लवकर काढली तर बाई वाचते. हे बघा, मोबाइलवर बघा."

"लिहिणाऱ्यानं उघडून बघितलंय काय? मी बघितलंय."

"अहो, पण ते उंदीर!"

"तुझ्या आईसाठीच तर मारतात ना ते उंदीर? मग त्यांचं खोटं कसं असेल?"

पोर मोबाइल घेऊन आत गेली.  मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, तुमच्या मॅडमना एकदा विचारा तरी."

"वैनी, मी पिंजरे धुणारा. तिथं आपण विचारायचं नसतं. आणि विचारून काय? त्या पण कापा म्हणूनच सांगणार. त्यांचा तो धंदाच हाय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "तो रोज बघतो. आपण काय बघितलंय?"

तारीख गेली. दवाखान्यातून फोन आले. भाऊजींनी आधी सांगितलं, विचार करून कळवतो. पुढं फोन घेणं बंद केलं.

आणि सारिका चांगली राहिली, हेच वाईट झालं. ती शेतात जात होती, हसत होती. शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा तिनं ओवाळलं, नारळ दिला. बायका म्हणायला लागल्या, भरतनं बायको वाचवली. आसपासच्या वाड्यांतून, खाली दासगावपासून, गाठ असलेल्या बायकांना घेऊन माणसं त्यांना विचारायला यायची. ते सुट्टीवर असले की ओटीवर बसून प्रत्येकाला दोन पिंजऱ्यांची गोष्ट सांगायचे. कधी घमेंड केली नाही, कोणाकडून सुपारीचं खांड घेतलं नाही. खरंच कोणाला वाचवतोय अशा काळजीनं सांगायचे. ज्या माणसाला सगळी वाडी उंदीरवाला म्हणून हसायची, त्याच्यासाठी आता लोक चटई टाकत होते.

गाठ मात्र वाढत होती. सारिका मला दाखवायची, भाऊजींना दाखवायची नाही. मी रोज काळकाईच्या नावानं दिवा लावून म्हणायचे, आई, तूच होकार दिला होतास, आता तूच काहीतरी कर. काय कर, हे मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात ती खोकायला लागली. आधी वाटलं, सर्दी. मग चढावर बसायला लागली. गाणी बंद झाली, कारण दम पुरेना. भाऊजी आले आणि आम्ही तिघं महाडला गेलो. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सारिकाला ओळखलं. लगेच एक्स-रे काढायला लावला. तो हातात आला तेव्हा भाऊजींनी व्हरांड्यात खिडकीच्या उजेडाला धरला आणि तसाच धरून राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "हे मी ओळखतो."

मी बघितलं. काळ्यावर पांढरे ठिपके होते. दोन्ही बाजूंना.

"पण हिची तर कापली नाय," ते म्हणाले. "हिची तर आपण कापलीच नाय." तेच तेच म्हणत राहिले. बाकावर बसलेली माणसं बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी ते एक्स-रे घेऊन थेट मॅडमकडं गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या खोलीत कामाशिवाय ते पहिल्यांदाच गेले. परत आले तेव्हा मी पडवीत तांदूळ निवडत होते. ते माझ्यासमोर खाली बसले आणि पाठ केलेलं सांगावं तसं सांगायला लागले.

"मॅडम म्हणाल्या, त्या उंदरिणी कापल्यामुळं नाय बिघडल्या. गाठ असतानाच तिच्यातले बारीक बारीक कण फुफ्फुसात गेलेले असतात. डोळ्याला दिसत नाय. ज्यांची गाठ ठेवतात, त्यांची गाठ भराभरा वाढते, मग त्यांचे हाल नकोत म्हणून लवकरच झोपवतात. म्हणून त्यांचं फुफ्फुस स्वच्छ दिसतं. आतलं वाढायला वेळच मिळालेला नसतो. आणि ज्यांची गाठ काढतात त्या जगतात. जगतात म्हणून आतलं वाढतं आणि आपल्याला दिसतं. तेच बघायचं असतं त्यांना. त्यासाठीच कापतात, वैनी. आणि मुद्दाम पसरणारा रोगच निवडून टोचतात, आणि गाठ काढतात ती पण पसरल्यावर. बाईची गाठ लवकर काढतात ती पसरायच्या आधी."

 मग म्हणाले, "मॅडमनी विचारलं, भरत, इतकी वर्षं आहेस, मला का नाही विचारलंस? मी म्हटलं, मॅडम, मला वाटलं मला कळलंय. मग त्या पण रडल्या."

माझा हात तांदळात तसाच राहिला. मी म्हटलं, "सारिकाला सांगू नका."

ते तिला सांगायला उठले.

ती आतल्या खाटेवर उशा लावून बसलेली असायची, आडवं झालं की दम लागायचा. मी दारात उभी होते. भाऊजींनी सगळं सांगितलं, एक गोष्ट लपवली नाही. ती शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे तेव्हा कापली असती तर?"

"वाचली असतीस. बहुतेक वाचली असतीस गो."

तिनं पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, "त्या दिवशी देवळात मी मनात म्हटलं होतं, आई, उजवं दे. मला काढायचीच होती ती. मला ती अंगावर नको होती."

"मग बोललीस का नाय गो? एकदा तरी बोलायचंस."

"तुम्ही रडत होता," सारिका म्हणाली. "सगळ्या गावासमोर माझा हात धरून रडत होता. मी काय बोलणार?"

आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर तिनं भाऊजींच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. ते जवळ आले की डोळे मिटायची. जो माणूस उंदराला उचलताना तळव्यावर घ्यायचा, त्याला दुखू नये म्हणून जपायचा, त्या माणसाला ती स्वतःला हात लावू देईना. मुंबईला परत नेलं, तिथं औषधं सुरू केली. डॉक्टर म्हणाले, आता थोडा आराम पडेल, एवढंच. थोडा पडला. मी तिला समजवायला गेले, "अगो, त्यांनी वाईट चिंतलं नव्हतं." ती म्हणाली, "मला माहीत हाय ताई. म्हणूनच जास्त लागतं." कार्तिकात ती गेली. जाताना दर्शनाचा हात धरला होता. भाऊजी दाराबाहेर जमिनीवर बसलेले होते.

दिवसकार्य झालं. लोक भेटायला आले. भाऊजी येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत, "माझं चुकलं. मी उलटं समजलो. गाठ असली तर कापून घ्या." आणि प्रत्येक जण त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "तुझं काय चुकलं रे बाबा? तिचं तेवढंच होतं. तू चाकू लावू दिला नाहीस म्हणून एवढी तरी जगली." म्हातारबाबा म्हणाले, "अख्खी गेली, हे काय कमी हाय?" भाऊजी परत पहिल्यापासून समजावायला लागायचे. कापलेल्या का भरल्या, न कापलेल्या का स्वच्छ. ऐकणाऱ्याची नजर चहाच्या कपाकडं जायची. दोन पिंजऱ्यांची पहिली गोष्ट सोपी होती. ही दुसरी कोणाला ऐकवत नव्हती.

मी अजून रोज दिवा लावते. आधी मागायचे, आता मागत नाही. आम्ही विचारलेल्या प्रश्नाचं देवीनं बरोबर उत्तर दिलं होतं, एवढं मला माहीत आहे. त्या उत्तराचा तिच्या लेकीला काय उपयोग झाला, हे मात्र मी तिला विचारू शकत नाही, आणि विचारल्याशिवाय राहवतही नाही.

गेल्या आठवड्यात खालच्या गावातून गोदूबाई आल्या, त्यांची सून रेश्मा हिला घेऊन. रेश्माला मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. दर्शनाहून फार मोठी नसेल, कडेवर लहान मूल. ओटीवर बसल्या. गोदूबाई म्हणाल्या, "भरतराव, हिच्या छातीत गाठ हाय. पोलादपूरचा डॉक्टर काढायची म्हणतो. तुम्ही मागं आमच्या भावकीत सांगितलं होतं, हात लावू देऊ नका. म्हणून आम्ही चार महिने थांबलो. आता परत विचारायला आलो."

भाऊजी उठून उभे राहिले. "काकू, आजच जा. आत्ता जा. मी येतो बरोबर. मी जे सांगितलं ते खोटं होतं."

"खोटं कसं? तुम्ही डोळ्यांनी बघितलं होतं म्हणालात."

"बघितलं ते खरं होतं. समजलो ते खोटं."

गोदूबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "बायको गेल्यावर माणसाचं असं होतं." आणि भाऊजींना म्हणाल्या, आवाजात राग नव्हता, "स्वतःच्या बायकोला तुम्ही चाकू लावू दिला नाय. आणि आमच्या पोरीला लाव म्हणता होय?"

भाऊजींनी तोंड उघडलं. त्यांना आता नेहमीपेक्षाही कमी आवाज राहिला आहे. ते काय म्हणाले ते गोदूबाईंना ऐकू गेलं नसावं, कारण त्या आधीच चपला घालत होत्या. मी रेश्माला म्हटलं, "बाई, तुला काय वाटतं?" तिनं सासूकडं बघितलं आणि मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दोघी पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून रस्त्याकडं निघाल्या. भाऊजी अनवाणी त्यांच्यामागं वळणापर्यंत गेले, तोंडानं काहीतरी सांगत, आणि तिथं उभे राहिले.